बे हाथीचं सूत

कासव छाप अगरबत्ती कोणती कंपनी काढायची, हे शंभरातल्या एखाद्यालाच सांगता येईल. पण डास वाढले की वाण्याकडे जाऊन 'कासव छाप द्या' म्हणायला कुणी शिकवावं लागलं नाही. काळं दंतमंजन माकड छाप. पुढे कॅम्लिन म्हणून नावारूपाला आलेल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या विकायला काढल्या, त्याही घोडा छाप. कारखानदाराचं नाव पुड्यावर असायचं, पण ते वाचायचं कुणी? गिऱ्हाईक चित्र बघून माल ओळखायचं आणि चित्राच्याच नावाने मागायचं.

ब्रँडिंगच्या वर्गात आज शिकवतात तो क्रम वेगळा आहे. आधी नाव ठरवा, मग त्याला साजेसं बोधचिन्ह काढून घ्या, म्हणजे नाव उठून दिसेल. आपल्या बाजारात हे नेमकं उलटं घडलं. चित्र आधी आलं, ते लोकांच्या तोंडी बसलं आणि तेच मालाचं नाव झालं. याचा सगळ्यात भक्कम लेखी पुरावा मुंबईत मिळत नाही, तो लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १८८२ सालच्या एका निकालात आहे.

ग्लासगोची ऑर-युइंग ही कंपनी सूत रंगवून परदेशी पाठवायची. रंग 'टर्की रेड', म्हणजे लालभडक आणि पक्का. मूळ पद्धतीत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून हा रंग काढत. सुताला तेलाचे हात देऊन, शेणाच्या पाण्यातून काढून, तुरटीत भिजवून मग रंगाच्या कढईत सोडत. हे काम आठवडेच्या आठवडे चाले. १८६९ नंतर मुळांच्या जागी कारखान्यात बनवलेलं अलिझरीन आलं, तरी बाकीचा खटाटोप बराचसा तसाच राहिला. एवढं सगळं कशासाठी, ते विणकराला विचारावं. पांढऱ्या अंगाच्या कापडाला लाल काठ लावला आणि पहिल्याच धुण्यात तो काठ फुटला, तर नुसता काठ जात नाही, सगळं लुगडं जातं. शिवाय रंग पक्का आहे की कच्चा हे सूत हातात घेऊन कळत नाही, पाण्यात पडल्यावरच कळतं. तेव्हा एकदा पारखलेलाच माल पुन्हा कसा मिळवायचा, हा विणकराचा खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर गठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं. ऑर-युइंगच्या सुतावर दोन हत्तींचं रंगीत तिकीट असे. एडन आणि मुंबईच्या बाजारात या सुताला 'बे हाथी' असंच नाव पडलं. गुजराती दलालांच्या बोलीतला हा 'बे'. हे नाव कंपनीने ठेवलेलं नव्हतं, बाजाराने ठेवलं होतं. पुढे जॉन्स्टन नावाच्या व्यापाऱ्यांनी त्याच बाजारांत लाल सूत पाठवायला सुरुवात केली आणि आपल्या तिकिटावरही दोन हत्ती घेतले. ऑर-युइंग कोर्टात गेले.

दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली तर बारकाव्यांत फरक होता आणि इंग्रजी वाचता येणारा माणूस फसण्याचं कारण नव्हतं. पण वरिष्ठ न्यायमूर्तींनी पाहिलं ते माल शेवटी घेणाऱ्याकडे. तो इंग्रजी वाचत नाही, दोन तिकिटं शेजारी ठेवून तपासत नाही. तो दुकानात जातो, दोन हत्तींचं सूत मागतो आणि गठ्ठ्यावर दोन हत्ती दिसले की पैसे मोजतो. निकाल ऑर-युइंगच्या बाजूने लागला. चित्र कसं काम करतं याची इतकी नेमकी उकल मला जाहिरातशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांतही सापडलेली नाही. चित्र सुंदर होतं की नाही याची चर्चा तिथे मुख्य नव्हतीच. ते आठवतं का, तोंडाने मागता येतं का आणि मागितल्यावर तोच माल हाती येतो का, एवढ्यावर सगळं उभं होतं.

ऑर-युइंग एकटे नव्हते. मँचेस्टरहून मुंबईला आणि कलकत्त्याला येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर अशीच तिकिटं असत. ती दगडी छपाईवर, म्हणजे लिथोग्राफीवर, निघत. १७९६च्या सुमाराला म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने ही युक्ती शोधली. बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट काडीने काढलेलं चित्र, वरून पाणी. ओल्या दगडाला शाई लागत नाही, तेलकट रेघेला लागते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड निराळा. दहा रंग असतील तर तोच कागद दहा वेळा यंत्रातून काढायचा आणि दर वेळी केसाचाही फरक पडू द्यायचा नाही. फरक पडलाच तर देवीच्या ओठांचा लाल हनुवटीवर यायचा. एका ताग्यामागे एक याप्रमाणे ही तिकिटं ढिगाने लागत, म्हणून हा खर्च परवडे.

चित्रं कोणाची? देवदेवता, राजेमहाराजे, वाघ, मोर, आगगाडी, नटलेल्या बायका. कुठल्या मुलखात काय चालतं हे विलायतेत बसलेल्या कारखानदाराला कळणं शक्य नव्हतं. ते इथल्या आडत्यांना आणि दलालांना कळे. आज ज्याला बाजार संशोधन म्हणतात ते काम हे लोक पेढीवर तक्क्याला टेकून करत होते, आणि मला वाटतं, बरंच चोख करत होते. कापड विकलं जाई, पण तिकीट फेकवत नसे. त्यावर लक्ष्मी असेल तर ते भिंतीवर लागे. जाहिरातीचा कागद गिऱ्हाईक आपणहून घरात लावतं, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

इथून पुढचा धागा महाराष्ट्रातून जातो. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथे पहिल्यांदा छापलं गेलं. नंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्याच मालकीचा झाला. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी काही काळ इथे काम केलं होतं. रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या त्या या छापखान्यामुळे. पण छापखाना नुसत्या देवांवर चालत नाही. मालाची तिकिटं, लेबलं, जाहिराती ही कामंही लागतात. तीच चित्रं, खाली जागा सोडलेली, त्या जागेत साबणाचं नाही तर बाळाच्या औषधाचं नाव.

मग कॅलेंडर. त्याची रचना पाहिली की ज्या कोणी ती बसवली त्याला दाद द्यावीशी वाटते. वर मोठं चित्र, मधे दुकानाची किंवा पेढीची पट्टी, खाली टाचलेलं तारखांचं पुडकं. तारखा फाडल्या जातात, चित्राला कुणी हात लावत नाही. देवाचं चित्र असेल तर डिसेंबर सरल्यावरही ते रद्दीत जात नाही. घरातली बाई कात्रीने पट्टी कापून काढते आणि देव चौकटीत बसवते. जाहिरातदाराचं नाव तेवढं जातं, तेही वर्षभर रोज डोळ्यांखालून गेल्यावर. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर मुंबईत दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवत होते. मुळगावकरांच्या स्प्रेने रंगवलेल्या मऊ कांतीच्या देवदेवता कॅलेंडरांवरून किती भिंतींवर गेल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

तिकडे तमिळ मुलखात शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याला जाऊन आगपेट्या बनवायला शिकून आले. काडेपेटीला लेबल लागतं, म्हणून पाठोपाठ छापखाने आले. मग छापखान्यांना काम हवं म्हणून कॅलेंडरं. आपल्या किराणा दुकानदाराने नव्या वर्षाला दिलेलं कॅलेंडर बहुतेकदा तिथूनच आलेलं असतं.

आता मार्केटिंगच्या सादरीकरणांत हमखास येणाऱ्या एका वाक्याबद्दल. मेंदू मजकुरापेक्षा चित्र साठ हजार पट वेगाने टिपतो, असं ते वाक्य. या आकड्यामागचं संशोधन शोधायला गेलेल्यांच्या हाती काही लागलेलं नाही. तो ठोकून दिलेला आहे. खऱ्या प्रयोगांचं म्हणणं साधं आहे. १९७३ साली लायनेल स्टँडिंग यांनी लोकांना काही दिवसांत दहा हजार चित्रं दाखवली, आणि नंतर जोडीजोडीने चित्रं समोर ठेवून यातलं आधी पाहिलेलं कोणतं ते विचारलं. बहुतेक उत्तरं बरोबर आली. म्हणजे पाहिलेलं चित्र पुन्हा समोर आलं की माणूस ते ओळखतो, आणि गठ्ठ्यासमोर उभ्या राहिलेल्या विणकराला तेवढंच हवं होतं. ओळख पटल्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते मात्र पहिल्या धुण्यावर ठरे. रंग कच्चा निघाला असता तर त्याच दोन हत्तींमुळे ते सूत टाळणंही तितकंच सोपं झालं असतं. नवं बोधचिन्ह काढून घेण्यावर पैसे ओतणाऱ्या आणि मालाकडे काणाडोळा करणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

१९०१च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरात पाच-सहा माणसं साक्षर होती. पन्नास वर्षांनी पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हाही बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न बाजाराने कधीच सोडवून ठेवला होता. १९५१-५२ साली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याची निशाणी. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, जनसंघाची पणती, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. कागद हव्या त्या पेटीत टाकला की मत झालं, लिहा-वाचायचं काहीच नाही.

आज साक्षरता कितीतरी वाढली, पेट्या जाऊन यंत्रं आली, तरी निशाणी गेली नाही. उलट एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करून मतदाराला गोंधळात टाकायची युक्ती बोकाळली, तेव्हा निवडणूक आयोगाने २०१५पासून मतदान यंत्रावर नाव आणि निशाणीच्या जोडीला उमेदवाराचा फोटोही छापायला सुरुवात केली.