रविवार कुणाचा?

मी ठाकुर्लीहून बोलतेय. आमच्या बचत गटाची सभा गेली चार वर्षं रविवारी दुपारी तीनला व्हायची. दिवस मीच ठरवला होता. रविवारी सगळ्या घरी असतात, हा माझा हिशोब. उशीर झाला तर दहा रुपये दंड, हाही नियम माझाच.

एका रविवारी मी हप्ते वाचत होते आणि आमच्या एक मावशी पासबुक हातात धरूनच झोपल्या. मावशी आठवडाभर डोंबिवलीत दोन घरी पोळ्या करतात, दुपारी घरी बसून पाकिटांना लेबलं चिकटवतात, डझनावर पैसे. जागं केलं तर ओशाळून म्हणाल्या, "ताई, रविवार तर सुट्टीचा असतो ना हो?" बाकीच्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. ही सुट्टी आली तरी कुठून, ते शोधायला बसले.

ती आणणारा माणूस आपल्याच ठाण्याचा निघाला. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म 1848. घरची गरिबी, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल होते, म्हणून कामगारांचे हाल रोज डोळ्यांनी पाहिलेले. पुढे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते झाले आणि 1880 पासून 'दीनबंधू' हे पत्र त्यांनी चालवलं.

तेव्हा गिरण्यांत घड्याळापेक्षा सूर्य मोठा. दिवस उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबायचं, तेरा-चौदा तासांपर्यंत. सण सोडले तर ठरलेली सुट्टी नाही. 1881 साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण तो मुलांपुरता. बायकांचं त्यात नावही नव्हतं.

1884 साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. मागण्या ऐका: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर इजा झाली तर भरपाई. आज वाचताना वाटतं, यात जास्तीचं काय मागितलं? तरी सहा वर्षं लागली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे घाटावरून आलेल्या कामगारांना तो लगेच आपला वाटला असणार, असं मला वाटतं.

24 एप्रिल 1890 ला मुंबईत दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या. पुस्तकांत 'दोन स्त्री कामगार' एवढंच येतं. पहाटे भाकरी थापून, लेकरू शेजारणीकडे टाकून गिरणीत जाणाऱ्या त्या बायका दहा हजारांपुढे बोलल्या, आणि आपण ग्रामसभेत माईक हातात आला की दुसरीकडे सरकवतो!

10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचं काम अकरा तासांपेक्षा जास्त नको, मध्ये दीड तास विसावा हवा, असंही आलं. 1948 च्या कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. लोखंडे 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेले.

आता आपल्याकडे येऊ. हा कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. चूल, शेतातली खुरपणी, घरी आणलेलं डझनावरचं काम यांना फाटकच नाही. 2019 साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज 299 मिनिटं जातात, पुरुषाचे 97. बैलालासुद्धा पोळ्याला जू नसतं, आदल्या दिवशी खांदे मळून मिळतात. आपल्या खांद्यांचं कोण बघतं?

झोप न झालेल्या हाताने काम वाढत नाही, हे लेबलांतच दिसतं. मावशींची वाकडी चिकटलेली पाकिटं शनिवारीच जास्त परत यायची, आणि परत आलेल्याचे पैसे नाहीत.

पुढच्या सभेत मी विषय मांडला. वाद झाला. एक जण म्हणाली, बुधवारी आले तर अर्ध्या दिवसाचं काम बुडतं. तिचं खरं होतं. शेवटी बुधवारी संध्याकाळी सात, पाऊण तासात सभा संपवायची, असं ठरलं. दोघींना अजूनही ते सोयीचं नाही, त्यांची बचत मी घरी जाऊन घेते. रविवारच्या उशिरासाठी मावशींनी भरलेले तीस रुपये परत दिले आणि ठराववहीत तशी नोंद केली. मावशींनी त्याखाली सही केली आणि विचारलं, "मग ताई, या रविवारी तुम्ही काय करणार?"

माझ्याकडे गेल्या महिन्याचा हिशोब लिहायचा बाकी होता.