नाव तेच, चाके वेगळी

इनोव्हा २००५ साली भारतात आली ती मागील चाकांवर चालणारी. ‘क्रिस्टा’नेही तोच शिरस्ता पाळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सादर झालेल्या ‘हायक्रॉस’मध्ये मात्र इंजिनाचा जोर पुढील चाकांवर आला; हायब्रिड प्रकारात तो १८६ पीएस इतका आहे. नाव तेच राहिल्याने चालकाची सवयही तीच राहते. पावसाळ्यात कार्ले खिंडीत किंवा रेवदंडा-मुरूड मार्गाच्या वळणांवर ती अंगाशी येऊ शकते.

जुन्या गाडीत पुढील चाके केवळ दिशा देत. ओल्या वळणावर जोर अधिक झाला, तर मागचा भाग बाहेर सरके. नव्या गाडीत ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे पुढील चाकांचीच. भर वळणात ॲक्सिलरेटर दाबल्यास त्यांची पकड ओढण्यातच खर्च होते आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. डाव्या वळणावर थेट समोरून येणाऱ्या वाहनांकडे. अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळणे निरुपयोगी. ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू सैल करावा. एकदम उचलल्यास मागचा भाग फिरण्याचा धोका असतो. वेग वळणापूर्वीच उतरवावा आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावर वाढवावा.

चढावर भार मागे सरकून पुढील चाके हलकी होतात. त्यात विजेच्या मोटारीचा जोर तत्काळ मिळत असल्याने निसरड्या खिंडीत थांबलेली गाडी अलगदच हलवावी. (किनाऱ्यावरील पुळणीत गाडी घालणाऱ्यांना कोणतीच चाके तारत नाहीत, ही गोष्ट निराळी.) पुढील टायर लवकर झिजतात, पावसाळ्याआधी ते तपासून घ्यावेत.