कोचरब आश्रमातील प्रवेशाची कसोटी

गांधीजींनी २५ मे १९१५ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब येथे आश्रम स्थापिला. नावाच्या विचारात ‘सेवाश्रम’ व ‘तपोवन’ हे शब्द मागे पडून ‘सत्याग्रहाश्रम’ हे नाव ठरले. ‘आश्रम’ हा शब्द परंपरेतील खरा. तथापि येथील प्रवेशास जन्माची वा वर्णाची अट नव्हती, नियमपालनाची होती.

त्या अटीची परीक्षा काही महिन्यांतच झाली. अमृतलाल ठक्कर यांच्या शिफारशीवरून दूदाभाई, दानीबेन व त्यांची लहानगी लक्ष्मी हे तेव्हा अस्पृश्य गणले जाणारे कुटुंब, नियम पाळण्याच्या कबुलीवर, आश्रमात आले. विहिरीवर तंटे झाले, देणग्या आटल्या, कस्तुरबांसह काही आश्रमवासीही नाराज झाले. प्रसंगी अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहावयाचे, पण कुटुंबास अंतर द्यावयाचे नाही, असे गांधीजींनी ठरविले. पुढे एका गिरणीमालकाने नाव प्रकट न करता १३,००० रुपये दिले. ते अंबालाल साराभाई होत, असे सामान्यतः मानले जाते.

या घटनेचे मर्म येथे आहे: नवागतांनी नियम मान्य केले होते, नाराज झालेल्यांनीही ते पूर्वीच मान्य केले होते. म्हणून त्या वर्षी खरी निवड झाली ती आधीपासून राहणाऱ्यांची, असे म्हणावयास हरकत नाही.