फूल आणि दोन पाने

'प्रोपागांडा' हा शब्द आज निवडणुकीच्या चर्चेत शिवीसारखा वापरला जातो. त्याचे कूळ मात्र आपल्याच घरचे आहे. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसारासाठी रोममध्ये जे खाते स्थापिले, त्याच्या लॅटिन नावातून तो जगभर पसरला. उत्तर कोकणातील आपल्या पूर्वजांना तर तो पाद्रोआदो-प्रोपागांडा वादामुळे तोंडपाठ होता. पोर्तुगीज राजसत्तेच्या अधिकारातील बिशप मानावा की थेट रोमच्या अधिकारातील, या प्रश्नावर एकाच गावातील ख्रिस्ती घरे परस्परांशी अबोला धरून बसत. तेव्हा लोकांचे मन वळविण्याची कला आपल्याला राजकारणी मंडळींनी शिकविली, असे समजण्याचे कारण नाही.

तरीही मतपत्रिकेसाठी मन कसे वळविले जाते याचा अभ्यास करायचा, तर आपल्या शेजारचे आणि आपल्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण आहे. ते म्हणजे १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेला जनमत कौल. आपण वसईकर पोर्तुगीज अमलातून १७३९ साली बाहेर पडलो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. मधली दोनशे बावीस वर्षे दोन्हीकडच्या ख्रिस्ती समाजांना फार वेगळी घडवून गेली. आपली प्रार्थना मराठी झाली, त्यांची कोंकणी राहिली. म्हणूनच या कौलाच्या प्रचाराकडे आपण काहीशा वेगळ्या नजरेने पाहू शकतो.

मुक्तीनंतर गोव्यातील पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. (पाचच दिवस आधी, ४ डिसेंबरला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामाजिक संपर्कसाधनांविषयीचा आपला हुकूमनामा प्रसिद्ध केला होता. बातमी सत्य असली पाहिजे आणि ती मिळविण्याचा समाजाला हक्क आहे, असे त्यात बजावले आहे. गोव्याच्या प्रचारसभांत तो कोणी वाचून आला असेल असे वाटत नाही.) दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला; डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. पहिल्याला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा होता, दुसऱ्याला तो वेगळा राखायचा होता. विधानसभेतील बहुमताने हा प्रश्न सोडवू नये, थेट लोकांना विचारावे, असा आग्रह विलीनीकरणविरोधकांनी धरला. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी त्यासाठी दिल्लीचे उंबरठे झिजविले. अखेर १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले.

प्रचाराची पहिली लढाई प्रश्नाच्या मांडणीतच असते, हे येथे ध्यानात घ्यावे. मतदाराला दोनच पर्याय दिले गेले : महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश. स्वतंत्र घटक राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. विलीनीकरणाला फुलाची खूण मिळाली आणि वेगळेपणाला दोन पानांची. माझ्या मते खुणांच्या वाटपात विलीनीकरणवाद्यांचे नशीब जोरावर होते. देवापुढे वाहिले जाते ते फूल, पानाला कोण विचारतो? पण खूण स्वतः काहीच बोलत नाही. तिला बोलते करावे लागते. ते काम दोन पानांच्या बाजूने अधिक चांगले केले गेले.

विलीनीकरणवाद्यांचा मुख्य युक्तिवाद दुबळा नव्हता. बांदोडकरांच्या मागे उभा असलेला बहुजन समाज पिढ्यानपिढ्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, टाचेखाली दबलेला होता. महाराष्ट्रात गेलो तर कसेल त्याला जमीन मिळेल, मुलांना मराठी शाळा मिळेल, भाटकाराचे राज्य पुन्हा येणार नाही, ही आशा खोटी म्हणता येणार नाही. परंतु प्रचाराच्या उन्हात हा न्याय्य युक्तिवाद आटत गेला आणि उरले एक सोपे समीकरण : विलीनीकरण म्हणजे हिंदू आणि मराठी, वेगळेपण म्हणजे ख्रिस्ती आणि परकीय वळणाचे. हे समीकरण आपल्यासारख्यांना डाचल्याशिवाय राहत नाही. वसईतील केळीच्या बागायतीत राबणारा, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा, देवळात मराठीतून मिस्सा ऐकणारा ख्रिस्ती माणूस या समीकरणात बसतच नाही. ज्या फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले, त्यांनी मराठीत पुराण रचले आणि कोंकणीचे व्याकरणही लिहिले. एकाच येशूसंघीय धर्मगुरूच्या लेखणीत ज्या दोन भाषा सुखाने नांदल्या, त्या १९६७ मध्ये एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या गेल्या.

आता दुसरी बाजू. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार प्रचार कोणत्या भाषेत झाला? मराठीत! मडगावहून निघणाऱ्या 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाने ही आघाडी सांभाळली. चंद्रकांत केणी संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर बांदोडकरांवर आणि विलीनीकरणावर उपहासाचा मारा करीत असे. वाचणारा गोमंतकीय हिंदू मराठी वाचतो, हे ओळखून त्याच्याच भाषेत त्याच्या मनाचे दार ठोठावले गेले. केवळ रोमन लिपीतल्या कोंकणीवर विसंबले असते, तर हाक ज्यांना आधीच पटले होते त्यांच्यापर्यंतच पोचली असती. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी गाणी होती. मनोहरराय सरदेसाय यांच्यासारख्या कवींचे शब्द घेऊन उल्हास बुयांव गावोगाव गात हिंडले. कौलाच्या कायद्याच्या कलमांपेक्षा ती गाणी लोकांच्या अधिक लक्षात राहिली.

मात्र दोन पानांचा प्रचार निव्वळ अस्मितेवर झाला असे मानणे भाबडेपणाचे होईल. भीतीही भरपूर वापरली गेली. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, उद्या तुमच्या माडाचे आणि काजूच्या फेणीचे काय होणार? महाराष्ट्रातून आणलेले अधिकारी आताच खुर्च्या अडवून बसले आहेत, उद्या तुमच्या मुलांना नोकऱ्या कुठल्या? रत्नागिरीकडे पाहा, मुंबईच्या मनिऑर्डरींवर जगणारा तो जिल्हा, तसाच एक जिल्हा तुम्ही होणार! यातील प्रत्येक विधानात थोडे सत्य होते, आणि म्हणूनच ते पटत होते. शुद्ध खोटे सहसा फार दिवस टिकत नाही. अर्धे सत्य वर्षानुवर्षे उभे राहते. रत्नागिरीच्या लोकांना त्या उपमेविषयी काय वाटले असेल, हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही.

१६ जानेवारीला ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले.

निकालानंतर 'ख्रिस्त्यांनी गोवा अडविला' असे म्हणणारे निघाले. येथे साधे अंकगणित कामी येते. ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. दोन पानांना झालेल्या मतदानाच्या ५४ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. साष्टीतील (आपली मुंबईलगतची साष्टी नव्हे, गोव्यातली) प्रत्येक ख्रिस्ती मतदार झाडून बाहेर पडला असे धरले, तरी हजारो हिंदू मतांवाचून हा आकडा गाठणे शक्य नव्हते. पण 'अमुक समाजाची गठ्ठा मते' हा शब्दप्रयोग इतका सोयीचा आहे, की आकडे समोर असूनही तो मरत नाही. आपल्या वसईतही निवडणूक आली की 'ख्रिस्ती मते' कोणाच्या पारड्यात, याचा हिशेब मांडणारे भेटतात. जणू नंदाखालच्या शेतकऱ्याचे पाणी आणि पापडीच्या नोकरदाराची लोकलगाडी हा एकच प्रश्न आहे.

कौलाने भाषेचा वाद मात्र मिटविला नाही. तो धुमसत राहिला आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये कोंकणीला राजभाषेचे स्थान मिळाले, तेही मराठीच्या वापराची तरतूद राखून. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय वीस वर्षांनी असा प्रत्यक्षात आला.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती कौलानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी घडलेली गोष्ट. २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा बहुमत दिले आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जमीन आणि शाळा यांविषयीचे त्यांचे म्हणणे लोकांना पटलेले होते. महाराष्ट्रात जाण्याचे तेवढे पटले नव्हते. फुलाच्या आणि पानांच्या प्रचारकांनी दोन्ही गोष्टींची एकच जुडी बांधली होती. मतदारांनी ती सोडून हवे ते घेतले.