सेंट ऑल्बन्सचा बखरकार

येथे पिस्कॅटवेला आमच्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात हत्तीचे एक जुने चित्र पाहण्यात आले. ते काढणारा मॅथ्यू पॅरिस हा इंग्लंडातील सेंट ऑल्बन्स मठाचा साधू. १२१७ साली तो मठात आला व १२५९ साली वारला. मठाची बखर तो लिही आणि तिच्या समासातील चित्रेही तोच काढी.

१२५५ साली फ्रान्सचा राजा नववा लुई याने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीस हत्ती भेट दिला. हत्तीच्या पायांना सांधेच नसतात, असे त्या वेळचे युरोपीय ग्रंथ सांगत. मॅथ्यूने हत्ती समोर असताना चित्र काढले व गुडघे जसे दिसले तसे दाखविले. आकार कळावा म्हणून शेजारी माहुतही काढला.

त्याच साली लिंकन शहरी ह्यू नावाचा लहान मुलगा विहिरीत मृत सापडला. ज्यूंनी त्याला विधीसाठी मारले, अशी आवई उठली. एका ज्यूस लिंकनलाच ठार करण्यात आले आणि लंडनमध्ये १८ जणांना फाशी झाली. मॅथ्यूने ही कथाही खरी मानून बखरेत लिहिली. हत्तीच्या गुडघ्यांविषयी त्याने जी दक्षता घेतली, ती आपल्या लोकांच्या प्राणांविषयी घेतली नाही! लिहिलेले म्हणून पुढील पिढ्यांनी ते खरे मानले. ही कथा खोटी असल्याची पाटी लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये लागली ती १९५५ साली, म्हणजे ७०० वर्षांनी.

वाचकहो, डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते म्हणतात, ते असे.

कोकणात आपल्या पूर्वजांवर असा प्रसंग आला नाही. पण त्यांची बखरही कोणी ठेवली नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

आज आपली कुटुंबे इस्राएल, इंग्लंड, अमेरिका अशी विखुरली आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना गावाविषयी, मलिद्याविषयी, जुन्या चालीरीतींविषयी विचारावे व लिहून ठेवावे. मात्र पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे प्रत्येक ठिकाणी नमूद करावे. नातवंडांना त्याचाच उपयोग होईल.