सागरगोट्यांचा पट

काटेरी शेंगेतून निघणारा, करड्या रंगाचा, दगडासारखा टणक आणि फरशीवर घासून अंगाला लावताच चटका देणारा सागरगोटा आमच्या वसईत बाळगुटीच्या सहाणेवर जसा उगाळला गेला, तसाच माजघरात मुलींच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या झेललाही गेला. परंतु ह्याच बियांवर अटलांटिकच्या काठी, आजच्या घाना देशातील अकान लोकांत, ओवारे नामक बुद्धिप्रधान पटखेळ उभा आहे, ही वार्ता आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. कठीण कवचामुळे ही बी खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ तरंगूनही रुजण्याचे सामर्थ्य राखते, म्हणून उष्ण कटिबंधातील कित्येक सागरतीरांवर तिची वस्ती आहे.

लाकडी पटावर सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक घरात चार, अशा अठ्ठेचाळीस बिया असतात. खेळणाऱ्याने आपल्या ओळीतील एका घराच्या सगळ्या बिया उचलून उजवीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने, घरोघर एकेक पेरीत जावे. शेवटची बी प्रतिपक्षाच्या घरात पडून तेथे दोन किंवा तीन झाल्या, तर त्या आपल्या, आणि त्यांच्या लगत मागे त्याच्याच ओळीत तशीच घरे सलग असतील तर तीही आपली. पंचवीस बिया ज्याच्या पदरी पडतील तो जिंकला. ह्या कायद्यातील एक कलम मला फार थोर वाटते: प्रतिपक्षाची ओळ रिकामी झाली असता, शक्य असेल तोवर, त्याच्याकडे बी पोहोचेल अशीच खेळी करावी लागते, त्याला उपाशी ठेवून जिंकण्याची मुभा नाही.

योरुबा लोकांत हाच घाट अयो नावाने नांदतो, तर गुलामांच्या जहाजांतून अँटिग्वा व बार्बाडोस बेटांवर गेलेला खेळ तेथे वारी म्हणून टिकला. वसईतही पोर्तुगीज अमलात, १५३४ ते १७३९ ह्या काळात, आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे होती. पण पोर्तुगीजांची इकडची आमदरफ्त मुख्यतः मोझांबिकच्या बाजूची, आणि त्या किनाऱ्याचे पट चार ओळींचे, सबब ओवारेचा संबंध त्यांच्याशी जोडणे रास्त नव्हे. आपले शेजारी मात्र ह्या कुळाला परके नाहीत: तमिळनाडूत पल्लांगुळी, कर्नाटकात अळिगुळी मणे आणि तुळु प्रांतात चेन्नेमणे आजही मांडतात.

२००२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी संगणकाकरवी ओवारेच्या सुमारे ८८९ अब्ज स्थिती तपासल्या, तेव्हा दोघेही निर्दोष खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, असे सिद्ध झाले. पटावाचून अडत नाही. आफ्रिकेतील मुले जमिनीतच खळगे उकरतात. अर्नाळ्याच्या ओल्या वाळूत तसेच बारा खळगे करून चार-चार सागरगोटे टाकले, की आपल्याकडेही डाव मांडता येतो.