मृत्युशास्त्र : शोकाला ठरलेल्या पायऱ्या नसतात

मृत्यू, मरणाच्या दारातला माणूस आणि मागे राहिलेल्यांचा शोक, या तिन्हींचा अभ्यास करणाऱ्या शाखेला थॅनॅटॉलॉजी म्हणतात. आपण मृत्युशास्त्र म्हणू या.

अमेरिकेत बोस्टनमध्ये १९४२ साली कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांशी आणि नातेवाइकांशी बोलून मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये लेख लिहिला. शोक शरीरातही उतरतो, हे त्यात नोंदवलंय : गळा आवळल्यासारखा होणं, श्वास अपुरा पडणं, सारखे उसासे, पोटात पोकळी. मय्यतीच्या घरी हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

सगळ्यात गाजलं ते एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचं १९६९ चं पुस्तक, 'ऑन डेथ अँड डाइंग'. नाकारणं, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार या पाच अवस्था त्यातल्याच. पण त्या शिकागोत बोलल्या होत्या मरणासन्न रुग्णांशी. पुढे लोकांनी त्याच अवस्था घरच्यांच्या शोकाला लावल्या, तेही जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. प्रत्येकजण त्याच क्रमानं जातो, असं काही नाही.

१९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी मांडलेलं मला जास्त पटतं. माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या कामात गुंततो, आणि ही ये-जा चालूच राहते. मुलांत तर ती फार चटकन होते. माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांच्या दफननंतर चौथ्या दिवशी मैदानात हसत खेळत होता. "याला काही वाटलंच नाही," असं स्टाफरूममध्ये आम्हीच म्हणालो. दोन महिन्यांनी तो भर तासाला वह्या फाडू लागला.

ताजियतीला येणारे मुलांना "सब्र कर, रडू नको" असं सर्रास सांगतात. हुजूर ﷺ यांचे साहबजादे इब्राहिम यांच्या शेवटच्या घटकेला खुद्द हुजूर ﷺ यांच्या डोळ्यांत अश्रू आले होते, हे बुखारी शरीफमध्ये आहे. मनाई आहे ती कपडे फाडून, तोंडात मारून घेत आक्रोश करण्याची.

शोक लांबला तर? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे मोठ्यांत वर्ष आणि मुलांत सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ जवळजवळ रोज तितकीच तीव्र असेल आणि जगणं अडत असेल, तर उपचार हवेत. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.